सगळे नियम मोडले, एक सोडून

१९३४ पूर्वीच्या हॉलिवूडबद्दल लिहिणारे समीक्षक त्या काळाला ‘मोकळा काळ’ म्हणतात. नियमावली १९३० मध्येच तयार होती, पण १९३४ च्या जुलैत जोसेफ ब्रीन यांच्या हाती कात्री येईपर्यंत स्टुडिओ तिला फारसे जुमानत नव्हते. व्यभिचार, दारू, गुंडगिरी सगळे पडद्यावर येत होते. ‘आय ॲम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग’ (१९३२) या सिनेमाने तर तुरुंगातल्या वेठबिगारीची लक्तरे वेशीवर टांगली. मला हे सिनेमे आवडतात. पण मित्रांनो, हा मोकळेपणा कोणासाठी होता?

स्टुडिओंनी १९२७ मध्येच ‘हे दाखवायचे नाही’ अशी अकरा गोष्टींची यादी केली होती. गोऱ्या-काळ्यांचे शरीरसंबंध त्या यादीत होते, पुढे १९३० च्या नियमावलीतही आले. बाकीचे नियम धाब्यावर बसवणाऱ्यांनी हा एक नियम मात्र जवळपास निमूटपणे पाळला.

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्याच कोलंबिया विद्यापीठात मांडले होते की जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. वंश आणि जात एक नव्हेत, हे मान्य. पण पहारा कुठे बसतो ते पाहा. आंतरजातीय जोडप्यांसोबत काम करताना मी रोज बघते: मुलाचे व्यसन, कर्ज, मारामाऱ्या पोटात घालणारे घर परजातीची सून म्हटले की दार लावून घेते.

‘द बिटर टी ऑफ जनरल येन’ (१९३३) मध्ये गोरी बाई चिनी सेनापतीकडे ओढली जाते. धाडसच! पण सेनापती झालाय रंगरंगोटी केलेला स्वीडिश नट, आणि शेवटी तो विषाचा चहा पितो.

‘बेबी फेस’ (१९३३) मात्र जरूर बघा. थेरेसा हॅरिसने रंगवलेली काळी चिको ही नायिका लिलीची मैत्रीण. बाप चिकोला कामावरून काढू लागतो तेव्हा लिली तिच्या बाजूने उभी राहते. दोघी मालगाडीतून न्यूयॉर्क गाठतात. तिथे लिली पुरुषांना शिडी करून बँकेचे मजले चढते आणि चिकोच्या अंगावर मोलकरणीचा गणवेश येतो. मैत्री टिकते, पण चिकोची स्वतःची गोष्ट सिनेमा सांगत नाही. समीक्षक लिलीच्या बंडावर पानेच्या पाने लिहितात, चिकोला एखादी ओळ मिळते.

ती बंदी नियमावलीतून निघाली १९५६ मध्ये. अमेरिकेच्या कित्येक राज्यांत असे लग्न तेव्हाही गुन्हाच होते, थेट १९६७ पर्यंत.