जळकं ऑइल

आमच्या पार्किंगमधल्या शहाबादी फरशीवर ताटाएवढा काळा डाग आहे. तो 2020 च्या मे महिन्यातला. टाळेबंदीत ओळखीचं गॅरेज बंद, ऑइल बदलायची मुदत कधीच उलटलेली आणि नवा कॅन मार्चपासून जिन्याखाली पडलेला. म्हटलं, आपणच बदलू. नगरमध्ये रणगाड्यांचं संग्रहालय आहे, लष्करी वाहनांची संशोधन संस्था आहे, लुना इथल्याच कारखान्यात तयार झाली. अशा गावात राहून आपल्याला अल्टोचा एक नट सोडवता येऊ नये? (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडातलं नगर काही जात नाही.)

नट सुटला. धार सरळ खाली पडेल अशा समजुतीनं मी नटाखाली पातेलं ठेवलं होतं. गरम ऑइल तसं पडत नाही. ते आधी वीतभर पुढं झेप घेतं आणि चेंबर रिकामं होत आलं की मागं मागं येतं. माझ्या कोपरापर्यंत ओघळ आले, नट पातेल्यात बुडाला, बाकीचं फरशीवर. आईनं बंबातली राख आणून टाकली, तिनं बरंचसं शोषून घेतलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. मी मात्र कपड्यांची पावडर टाकून, खराट्यानं घासून, नळी लावून सगळं धुऊन काढलं. पाण्यावर मोरपिशी तवंग धरला आणि गेटाखालून गटारीत गेला. गटार नाल्याला मिळते, नाला सीनेला. डाग तर राहिलाच.

आता हात बसलाय. इंजिन पाचेक मिनिटं चालू ठेवायचं, ऑइल पातळ होण्यापुरतं, पोळेल इतकं नाही. पुढची चाकं जॅकवर उचलून खाली दोन घोड्या लावते. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, हे एका मेकॅनिकनं मला दोनदा बजावलंय. खाली खोक्याचे पुठ्ठे, त्यांवर गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा, आडवा पाडून एक बाजू कापलेला, कडा आत दुमडलेल्या. धार कुठंही झेपावली तरी त्यातच पडते. नट सैल झाला की पाना बाजूला ठेवायचा आणि नट बोटांनी आत दाबत दाबत फिरवायचा. शेवटचा आटा सुटला की बोटांना कळतं. त्या क्षणी हात झटकन बाजूला. रबरी हातमोजे घालतेच, कारण जुन्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचे धातूचे कण असतात आणि जळणातून आलेली, कर्करोगाला निमंत्रण देणारी रसायनंही.

खरा लबाड फिल्टर. सोडवताना त्याच्या कडेनं ऑइल ओघळतं, म्हणून त्याला आधी प्लास्टिकची पिशवी घालायची आणि पिशवीसकट फिरवायचा. फिल्टर हातात आला तरी त्याची रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. ती न बघता नवा बसवला तर दोन रिंगांमधून सगळं ऑइल बाहेर. नव्याच्या रिंगवरून ऑइलचं बोट फिरवायचं आणि फिल्टर हातानंच आवळायचा, पान्यानं नाही. जुना डब्यात रात्रभर पालथा घालते. सकाळी त्यातून आणखी अर्धा कप निथळलेलं असतं.

नटाला नवा वायसर, नरसाळ्यानं नवं ऑइल, पट्टी पुसून दोन खुणांच्या मध्ये पातळी. पाऊण तासात काम संपतं आणि जवळजवळ तीन लिटर जळकं ऑइल उरतं.

ते टाकायचं कुठं, हा प्रश्न आमच्याकडं कुणाला पडतच नाही, कारण ते टाकाऊ आहे असं कुणी मानत नाही. शेजारच्या बांधकामावरच्या सेंट्रिंगवाल्यानं कॅन बघताच मागितला. प्लेटांना लावलं की काँक्रीट चिकटत नाही. भंगारवाला रोख पैसे द्यायला तयार. पुढं कुणाला देता, म्हटल्यावर "जातंय भट्टीला" एवढंच बोलला. आणि तेच गाळून, डब्यात भरून नवं म्हणून विकणारे तर निराळेच.

तिसरं गिऱ्हाईक घरचं. पारनेर तालुक्यातले माझे मामा.

"आगं, टाकू नको. गोठ्याच्या मेढींना लावतो. वाळवी फिरकत नाही."

शेण, कडबा आणि जळकं ऑइल, असा तिहेरी वास म्हणजे माझं आजोळ. आजोबांच्या बैलगाडीला वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं, त्यातला थेंबही वाया जायचा नाही. मामा त्याच शिस्तीतले. त्यांना नाही म्हणणं जड गेलं. पण गोठ्यापासून विहीर वीस पावलांवर आहे.

"पावसानं मेढीवरचं उतरतं, मामा. शेणात जातं, खतातून वावरात."

"एवढ्याशानं काय व्हतंय?"

मामा तरुणपणी नालाबांधाच्या श्रमदानाला गेलेले. बांध झाल्यावर विहिरीचं पाणी कसं चढलं, ही गोष्ट त्यांनी आम्हाला शंभरदा ऐकवलेली. मी तीच धरली. "तुम्हीच सांगता ना, वरचं पाणी जिरत जिरत विहिरीत येतं? मग हे कुठल्या वाटेनं जाईल?" लिटरभर ऑइल दहा लाख लिटर पाणी नासवू शकतं, हा अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा हिशेब जिभेवर आला होता. पण मामांपुढं अमेरिका काढली असती तर चहाही मिळाला नसता. मामांनी तंबाखू मळली आणि कांद्याच्या भावाचा विषय काढला.

मग गॅरेजं पालथी घातली. दोन ठिकाणी हसले. एकानं तर "गटारीत ओता की ताई, कोण बघतंय" असा सल्लाही दिला. मनमाड रस्त्यावरच्या तिसऱ्यानं मात्र मला मागच्या छपराखाली नेलं. सिमेंटच्या कट्ट्यावर दोनशे लिटरचं पिंप, तोंडात नरसाळं. वापरलेलं ऑइल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या कारखान्यालाच ते द्यायचं, आणि माल निघाला की सोबत नमुना 10 जातो. त्यानं फाइल काढून कागद दाखवले. मला एकच विचारलं: "ह्यात पाणी, कूलंट, ब्रेक ऑइल काही मिसळलंय का? असेल तर ओतू नका, अख्खं पिंप नासतं."

ऑइल म्हणून ऑइल संपत नाही, हे मला तिथं कळलं. त्यात घातलेली पूरक द्रव्यं संपतात आणि घाण साचते. कारखान्यात पाणी आणि पेट्रोलचा अंश उडवतात, कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करतात, उरलेला रंग-वास काढतात आणि पुन्हा मूळ तेल हाती येतं. 1 एप्रिल 2024 पासून ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही वापरलेल्या तेलातला ठरावीक हिस्सा पुनर्वापराला लावायची जबाबदारी आली आहे. ती साखळी मामांच्या गोठ्यापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. तोवर माझी अल्टो आहे.

गेल्या दिवाळीत निघताना मामांनी डिकीत कांदे टाकले, बाजरीची पिशवी ठेवली, आणि गोठ्यातून एक काळाकुट्ट कॅन उचलून आणला. ट्रॅक्टरचं, सात-आठ लिटर तरी असेल.

"हे बी ने तुझ्या त्या पिंपात."

"आणि मेढी?"

"औंदा लोखंडी पाइप टाकायचेत."

आणखी काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. आईनं मात्र डिकी पुन्हा उघडायला लावली, बाजरीची पिशवी काढून मांडीवर घेतली आणि केडगाव येईपर्यंत खाली ठेवली नाही.

"अगं, झाकण घट्ट आहे," मी म्हटलं.

"फरशी बघते ना मी रोज," आई म्हणाली.