चेण्याची नदी आणि उद्यानाचे रान



भाताची झोडणी आटोपली, धान्य कणगीत पडले, की चार दिवस कुठेतरी जाऊन यावे असे घरात सगळ्यांनाच वाटते. देवदर्शन आपण करतोच. यंदा एखादे रान बघून या. दूरच्या घनदाट अरण्यात जायला पैसा आणि सवड प्रत्येकाजवळ नसते. पण मुंबईला पाहुण्यांकडे उतरलात, तर मीरा-भाईंदरच्या कुशीलाच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान आहे. क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर, आणि चहूबाजूंना माणसांची दाटी!

मीरा रोड स्टेशनवर उतरा. काशीमिऱ्याहून ठाण्याकडे जाणारा घोडबंदर रस्ता धरला की चेणे गाव लागते. एका अंगाला उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी. रानात उगम पावलेली चेण्याची नदी इथे खाडीकडे जाते. जवळच घोडबंदरचा पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला आहे. तो मराठ्यांनी १७३७ साली घेतला.

हे रान बारमाही हिरवे नाही, पानगळीचे आहे. साग, ऐन, पळस, काटेसावर, मोह आणि उतारावर दाट कारवी. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. तिच्या काठ्यांच्या, शेणामातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती कोकणातल्या मंडळींना सांगायला नकोत. उन्हाळ्यात झाडे उघडी दिसली तरी खाली पाचोळ्याचा थर असतो. तो हाताने उकरून बघा, आतली माती भुसभुशीत लागेल. पावसाचा मार पाने झेलतात, पाचोळा पाणी अडवतो आणि मुळे ते जमिनीत उतरवतात. बोडक्या डोंगराचा ओढा पहिल्या सरीत तांबडा होऊन धावतो. ती वाहून चाललेली आपली सुपीक माती असते, आणि तिची किंमत कुठल्याही खताच्या पोत्याने भरून येत नाही.

या रानाच्या पाण्यावर मुंबईची तहान पहिल्यांदा भागली. १८६० साली विहार तलाव झाला, १८७९ साली तुळशी. दोन्ही तलाव आजही शहराला पाणी देतात. विहाराच्या सांडव्यापासून पुढे मिठी नदी होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भराव आणि कचऱ्याने आवळलेल्या मिठीचे पाणी घराघरांत शिरले आणि मुंबईत शेकडो माणसे गेली. ओढ्याच्या पात्रात बांध सरकवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

उद्यानातच कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक लेणी, त्यांतली जुनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. मूर्ती पाहाच, पण लेण्यांलगतची पाण्याची टाकी चुकवू नका. कातळावर पडलेले पाणी खोदलेल्या पन्हळींतून टाक्यांत आणले आहे. शेततळ्याचे तत्त्व यापेक्षा वेगळे काय आहे?

रानात बिबट्या आहे. त्याच्या घरी आपण पाहुणे, हे विसरू नये. कडेच्या वस्तीत उकिरडा वाढला की कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. आपल्या गावालाही हेच लागू आहे. शेळ्या बंदिस्त गोठ्यात बांधा, उकिरडा घरापासून दूर ठेवा आणि दिवेलागणीनंतर पोरांना एकटे बाहेर सोडू नका.

जाताना एवढे पाळा. उद्यानाचे मुख्य प्रवेशद्वार बोरिवलीला आहे आणि सोमवारी ते बंद असते. चेण्याच्या बाजूने वनखात्याच्या परवानगीवाचून रानात शिरू नका. पावसाळ्यात नदीत उतरू नका, डोंगरावर सर पडली की लोंढा अचानक येतो. भाकरी फडक्यात बांधून न्या, प्लास्टिक नको.

परत आल्यावर एका सकाळी पोरांना घेऊन आपल्या गावच्या ओढ्याच्या माथ्यापर्यंत चालत जा. तिथे झाडे किती उरली, माती कुठून सुटते, ते पाहा. समतल चर कुठे काढायचे आणि कोणती रोपे लावायची, हे विचारायला मग सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला बोलवा. अशा कामासाठी तो आनंदाने येईल.