नकाशाधाव : सात दिवसांची एक नोंद

धावण्याच्या सर्वसाधारण शर्यतीत वाट आखून दिलेली असते. धावणाऱ्याने वेग तेवढा आणायचा असतो. ज्या खेळाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, त्यात वेग आणि वाट या दोन्ही गोष्टी धावणाऱ्यानेच आणायच्या असतात. हातात नकाशा व होकायंत्र घ्यावे, नकाशावर वर्तुळांनी दाखविलेली ठिकाणे ठरलेल्या क्रमाने प्रत्यक्ष भूमीवर शोधावीत, प्रत्येक ठिकाणी पोहोचल्याची खूण कागदावर करावी आणि कमीत कमी वेळात परतावे, एवढाच त्याचा नियम. दोन ठिकाणांमधून कोणत्या वाटेने जावे हे कोणीही सांगत नाही. जगभर या खेळास ओरिएंटिअरिंग म्हणतात. आम्ही आपसांत त्याला 'नकाशाधाव' म्हणू लागलो आणि तेच नाव रूढ झाले.

आपल्या शाळेच्या वसतिगृहातून निरनिराळ्या वर्षी बाहेर पडलेले आम्ही अकरा जण, नऊ बंधू आणि दोन भगिनी, गेल्या हिवाळ्यात एक आठवडा पुन्हा शाळेत येऊन राहिलो. आमच्यात सर्वांत धाकट्याचे वय पंचावन्न आणि थोरल्याचे अडुसष्ट. कोणी सेवानिवृत्त शिक्षक, कोणी एसटीतून निवृत्त झालेले वाहक, कोणी शेतकरी, तर एक जण सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. सहा दिवस सराव आणि सातव्या दिवशी स्पर्धा, असा बेत होता. त्या सात दिवसांचा वृत्तांत स्मरणिकेसाठी द्यावा, अशी सूचना शिक्षकवृंदाकडून आली, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा खेळ जन्मला उत्तर युरोपात. स्वीडन आणि नॉर्वे येथील सैन्यात अनोळखी प्रदेश नकाशावरून ओलांडण्याचे शिक्षण दिले जाई. सर्वसामान्य नागरिकांसाठी खुली असलेली पहिली स्पर्धा 31 ऑक्टोबर 1897 रोजी नॉर्वेत ओस्लोजवळ झाली. 1961 साली या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. स्वीडनमध्ये 1965 पासून दर उन्हाळ्यात एकाच आठवड्यात पाच शर्यतींचा मेळावा भरतो; त्यात आजोबा, आजी व नातवंडे आपापल्या गटांतून धावतात. ज्येष्ठांचा गट या खेळात पस्तिशीपासूनच सुरू होतो आणि पुढे दर पाच वर्षांना नवा गट असतो. नव्वदी गाठलेली माणसेही त्यात उतरतात, हे वाचून आमच्यातील थोरल्यांनी आपण अजून मध्यावरच असल्याचे जाहीर केले.

हा खेळ आमच्यापर्यंत आला तो शाळेतील एनसीसीच्या तासांमुळे. नकाशावाचन हा त्या शिक्षणाचा एक भाग होता. आमच्यापैकी बहुतेकांनी होकायंत्र प्रथम तेथेच हातात धरले. पुढे हवालदार बंधूंनी सैन्यातील अनुभवाची त्यात भर घातली. परंतु खरा प्रश्न नकाशाचा होता. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे 2017 पासून संकेतस्थळावरून विनामूल्य मिळू लागले. त्यांचे प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे नकाशावरील एक सेंटिमीटर भूमीवर पाचशे मीटर. गिरिभ्रमणास ते उत्तम. बांधाच्या कोपऱ्यावरील एक दगड शोधण्यास मात्र अपुरे. शिवाय त्यांवरील दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटरांचे अंतर असते. आपल्या तालुक्याची भूमी लाव्हाच्या थरांवर थर साचून घडलेली. एक सपाट पायरी, मग काळ्या कातळाची उभी भिंत, पुन्हा पायरी. पंधरा मीटरांचा कडा दोन रेषांच्या मध्ये सहज लपून राहतो, आणि पंधरा मीटर म्हणजे चार-पाच मजल्यांची उंची. कळसूबाई 1646 मीटर आहे हे नकाशा सांगतो. पण आपल्या टेकडीवरून खाली उतरायला वाट नेमकी कोठे आहे, हे तो सांगत नाही.

म्हणून आम्ही आमचा नकाशा स्वतः तयार केला. 2021 साली केंद्र शासनाने नकाशे तयार करण्यावरील बरेच निर्बंध शिथिल केले, त्याचाही उपयोग झाला. उपग्रहचित्र व सर्वेक्षण विभागाचा नकाशा पायाला घेऊन, दोन दिवाळ्यांच्या सुट्ट्यांत आम्ही शाळेमागील टेकडी आणि पलीकडची खाचरे पायांनी मोजून काढली. अभयारण्याची हद्द कटाक्षाने टाळली. ज्यांच्या शेतांतून जावयाचे, त्यांच्या घरी जाऊन परवानगी घेतली. या खेळाच्या नकाशात रंगांचा अर्थ ठरलेला असतो. तपकिरी म्हणजे चढ-उतार, निळा म्हणजे पाणी, काळा म्हणजे कातळ व मानवनिर्मित वस्तू, पिवळा म्हणजे मोकळे माळरान, पांढरा म्हणजे धावता येईल अशी झाडी आणि गर्द हिरवा म्हणजे शिरणे कठीण. आमच्या नकाशात सर्वांत गर्द हिरवा रंग कारवीच्या रानाला आणि करवंदीच्या जाळ्यांना मिळाला.

नावांचा प्रश्न वेगळा होता. सरकारी नकाशावर त्या टेकडीच्या परिसराला एकही नाव नव्हते. शेळ्या राखणाऱ्या एका ठाकर आजींबरोबर आम्ही दोन सकाळी हिंडलो, तेव्हा एवढ्याशा टापूला सतरा नावे असल्याचे कळले. प्रत्येक टेपाला, घळीला आणि पाणवठ्याला नाव होते. "तिकडून उतरू नका बाबांनो, तिथं कडा तुटलाय. त्या हिरड्याखालून या," असे आजी म्हणाल्या आणि आमच्या नकाशातील एक काळी रेषा दहा मीटर सरकली.

येथे एक जुनी गोष्ट नोंदविणे आम्हांस आवश्यक वाटते. आमच्यापैकी काहींच्या पणजोबांना गावची शीव पाठ असे. शिवेचा तंटा उभा राहिला की हद्द कोठून जाते ते सांगण्याचे, परगावच्या अधिकाऱ्याला वाट दाखविण्याचे, सरकारी टपाल आणि खजिना पुढच्या गावी पोहोचविण्याचे काम महारांकडे असे. भूमीचे इतके सूक्ष्म ज्ञान असूनही ते काम वेठीचे होते. रात्री-अपरात्री हाक आली की निघावेच लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. वेठ गेली हे उत्तमच झाले. पण तिच्याबरोबर ते ज्ञानही नाहीसे व्हावे असे मुळीच नाही. आज त्याच शिवारात आम्ही स्वेच्छेने, स्वतः काढलेला नकाशा हाती घेऊन धावतो, याचे मोल आमच्या पणजोबांना कळले असते असे आम्हांस वाटते.

आता आठवड्याकडे वळू. सोमवारी केवळ चालणे. नकाशावरील उत्तर आणि होकायंत्राची सुई एका रेषेत आणून नकाशा 'बसविणे', आणि पावले मोजणे. शंभर मीटरांना सपाटीवर आमची सरासरी पासष्ट जोडपावले भरली, चढावर ऐंशीच्याही वर. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांत एक अंशाहूनही कमी अंतर आहे. त्यामुळे युरोपात अनेक ठिकाणी करावी लागणारी वजाबाकी येथे करावी लागत नाही. सुई दाखवील ती उत्तर खरी मानून चालता येते.

मंगळवारी नकाशावरून तपकिरी रेषांखेरीज सर्व काही पुसून टाकलेले होते. वाट नाही, झाड नाही, घर नाही. रेषा दाटल्या की चढ तीव्र, विरळ झाल्या की सपाटी, आत वळल्या की घळ, बाहेर आल्या की सोंड. दोन तासांत डोळ्यांना ती लिपी उमगू लागते. ज्येष्ठांची खरी अडचण मात्र निराळी निघाली. जवळचा चष्मा लावावा तर पायाखालचा दगड धूसर, काढावा तर नकाशा धूसर. एकास साडेसात हजारांचे प्रमाण, म्हणजे सेंटिमीटरला पंचाहत्तर मीटर, निवडून आणि अंगठ्याला लहानसे भिंग बांधून आम्ही ती सोडविली.

बुधवारी वाटांची निवड. साधारणतः दहा मीटर चढणे म्हणजे सपाटीवर शंभर मीटर धावणे, असा या खेळातील ठोकताळा आहे. म्हणून टेकडी थेट ओलांडण्यापेक्षा वळसा पुष्कळदा स्वस्त पडतो. गुडघे जितके जुने, तितका वळसा अधिक स्वस्त. गुरुवारी विजेरीच्या प्रकाशात रात्रीचा सराव होता. परिसरात बिबट्याचा वावर असल्यामुळे तो शाळेच्या कुंपणाच्या आतच घेतला. ओळखीचे मैदान अंधारात किती अनोळखी होते, याचा अनुभव सर्वांनी घेतला. शुक्रवारी विश्रांती आणि तळपायांना तेल. शनिवारी नववीच्या मुलामुलींना शिकविणे. एका भगिनीने कापडाच्या नारिंगी-पांढऱ्या पताका शिवून आणल्या होत्या. प्रत्येक पताकेला वेगळ्या रंगाची खडूपेन्सिल बांधायची, म्हणजे धावणाऱ्याच्या कागदावरील रंगावरून तो तेथे पोहोचल्याचे कळते.

रविवारच्या स्पर्धेबाबत एक चिंता सर्वांच्या मनात होती. आमच्या एका सहकाऱ्याच्या हृदयाला तीन वर्षांपूर्वी दोन स्टेंट बसविले आहेत. वैद्यांनी चालण्यास अनुमती दिली होती, धावण्यास नाही. नाडीचे ठोके मिनिटाला एकशे वीसच्या वर जाता कामा नयेत, अशी अट होती. ते शाळेच्या काळात आमच्यातील सर्वांत वेगवान धावपटू. कोणी त्यांना थांबवावे की थांबवू नये, यावर आदल्या रात्री आमच्यात मतभेद झाले. शेवटी त्यांच्या पत्नीच म्हणाल्या, "घरी बसून ते रोज थोडे थोडे म्हातारे होतात. जाऊ द्या. पण त्यांच्या वाटेचा एक नकाशा माझ्याजवळ ठेवा." असे ठरले की ते केवळ चालतील, गळ्यात शिट्टी असेल, आणि अडीच तासांची मुदत संपताच चौघे जण शेवटच्या ठिकाणापासून उलट दिशेने शोधास निघतील.

बारा ठिकाणे, सरळ रेषेत साडेचार किलोमीटर, एकूण चढ एकशे ऐंशी मीटर. सकाळी आठ वाजता दर तीन मिनिटांनी एक, असे आम्ही सुटलो. नववीची सहा मुलेही आमच्याबरोबर होती. पहिली चार ठिकाणे खाचरांच्या बांधांवर होती. तेथे मुले आमच्या पुढून भर्रकन निघून गेली. पाचवे ठिकाण कातळपायरीखालच्या घळीत होते. तेथे तीन मुले वरच्या पायरीवर पताका शोधत होती, आणि आमच्यातील निवृत्त वाहक बंधू पावले मोजत खालून शांतपणे पुढे गेले. अनुभवाचा विजय झाला, असे लिहिण्याचा मोह होतो. पण शर्यत जिंकली ती जवळच्या वाडीतील एका ठाकर मुलीने, बावन्न मिनिटांत. सातव्यावरून आठव्याकडे जाताना तिने कारवीला वळसा घातला नाही की तिच्यात शिरलीही नाही. त्या रानातून बायकांची पाण्याला जाण्याची एक अरुंद पायवाट जाते. ती आमच्या नकाशात नव्हती, तिच्या पायांत होती.

दहा वाजून गेले. आमचे सर्व जण परतले. सहकारी परतले नव्हते. ते बावीसावे मिनिट सरले तरी समोरच्या सोंडेवर कोणी दिसेना. वहिनी नकाशा मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि दहाव्या वर्तुळावर बोट ठेवून होत्या. शोधास जाणाऱ्या चौघांनी बुटांच्या नाड्या आवळल्या. मुदतीस चार मिनिटे उरली असताना ते बांधावरून, अगदी संथ पावलांनी, येताना दिसले. बारापैकी बारा रंग त्यांच्या कागदावर होते. उशीर का झाला, हे त्यांनी नकाशावर बोट फिरवून समजाविले. दोन ठिकाणी ठोके एकशे पंधरावर गेले, तेव्हा ते हिरड्याखाली बसून राहिले; आठव्यासाठी त्यांनी सबंध खाचरांचा वळसा घेतला. "पूर्वी मी पायांनी धावत होतो, आज प्रथमच डोक्याने धावलो," असे ते म्हणाले. वहिनींनी काही न बोलता त्यांच्या हाती पाण्याचा तांब्या दिला.

त्याच सायंकाळी ती पायवाट आम्ही नकाशात काढली. वाट दाखविण्यास ती मुलगीच पुढे होती, आणि तुटक काळी रेषा तिनेच ओढली. नकाशाची ती दुरुस्त प्रत आता शाळेच्या ग्रंथालयात ठेविली आहे. पुढील वर्षापासून नववीच्या विद्यार्थ्यांसाठी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नकाशाधाव घेण्यास शाळेने मान्यता दिली आहे, आणि शिकविण्याची जबाबदारी आम्ही अकरा जणांनी वाटून घेतली आहे. आमच्या त्या सहकाऱ्यांनी रात्रीचा सराव मागून घेतला.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींना व पालकांना एक विनंती करून हा लेख संपवितो. आपल्या गावाच्या, वाडीच्या शिवारातील टेप, घळी, झरे आणि वाटा यांची जी नावे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असतील, ती लिहून शाळेकडे पाठवावीत; सोबत त्या जागेचे ओबडधोबड रेखाचित्र असेल तर अधिक उत्तम. आजीबाईंनी सांगितलेल्या सतरा नावांपैकी पाच नावे त्यांच्या स्वतःच्या नातवंडांनाही ठाऊक नव्हती. दुसऱ्या टेकडीचा नकाशा आम्ही येत्या दिवाळीत हाती घेणार आहोत. ज्यांची पावले अजून चालतात त्यांनी अवश्य यावे. जवळचा चष्मा बरोबर आणावा.