ओढणे आणि पेलणे

'पिकअप' हा शब्द साताऱ्याकडच्या माणसाच्या कानावर पडला की त्याच्या डोळ्यांपुढे मार्केट यार्डातली पहाट उभी राहते. हौद्यात टोमॅटोची क्रेट, त्यांवर अंग टाकून झोपलेला हमाल, आणि मागल्या फळीवर रंगवलेला 'आईचा आशीर्वाद'. आमच्या आईच्या लेखी तर उघड्या हौद्याच्या गाड्या दोनच जातींच्या : मोठी असली तर ट्रक, लहान असली तर टेम्पो. वास्तविक टेम्पो हे एका जर्मन कारखान्याचे नाव. त्याची तीनचाकी गाडी १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने आपल्याकडे आणली, आणि डालडा हे जसे सगळ्याच वनस्पती तुपाचे नाव होऊन बसले, तसे टेम्पो हे माल वाहणाऱ्या हरेक लहान गाडीचे नाव झाले. भाषेच्या बाजारात मालकीहक्क चालत नाहीत.

२०२४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ताईकडे अमेरिकेला गेलो. आई मार्चपासून तिथेच होती. मी हातपाय धुऊन बसतो न बसतो तोच तिने हलक्या आवाजात बातमी दिली, "अरे, एवढी शिकलीसवरली माणसं, आणि घरी वापरायला टेम्पो घेणार म्हणतात!"

ताईचे घर मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात. त्या मुलखात पिकअप हे भाजीचे वाहन नव्हे. वकील त्यातून कोर्टात जातात, बाया त्यातून मुलांना शाळेत सोडतात. आत पाच माणसांची ऐसपैस बैठक आणि मागे चारपाच फुटांचा हौदा. ताईच्या शेजारच्या चार घरांपैकी तिघांच्या अंगणात असली धुडे उभी होती. हौदे मात्र आरशासारखे लखलखीत! एकाच्याही हौद्यात कधी मेथीची जुडी पडली असेल असे वाटेना.

ही गाडी हवी होती दाजींना. दाजी मुंबईच्या चाळीत दोन खोल्यांत नऊ माणसांबरोबर वाढले. उन्हाळ्यात गॅलरीत अंथरूण टाकायला जागा मिळाली तर ती त्यांची सहल. अशा माणसाने पुढे मोठेपणी चाकांवरच्या घराचे स्वप्न पाहिले तर त्याला नावे कोण ठेवील? त्यांच्या मनात एक 'पॉप-अप कॅम्पर' भरला होता. खाली पत्र्याची पेटी, वर तंबूचे कापड. उघडली की खोली, मिटली की ट्रंक. ती गाडीच्या मागे जोडायची आणि मुलांना घेऊन सरोवराकाठी जायचे. पण नवी गाडी वर्षातून चार वेळा कॅम्पर ओढणार होती, आणि उरलेले सगळे दिवस ताईला इस्पितळात नेऊन आणणार होती. ताईचे इस्पितळ घरापासून पस्तीस मैलांवर. तिची जुनी मोटार बारा वर्षांची झाली होती. दाजींची नोकरी बहुतेक घरात बसूनच चाले. भाचा दोन वर्षांत विद्यापीठात जायचा, म्हणजे पैशांचा हात आखडताच. एका गाडीकडून एवढ्या अपेक्षा! आपल्याकडे सुनेकडूनच काय त्या इतक्या असतात.

एका शनिवारी आम्ही सगळे गाड्या पाहायला निघालो. पहिली फोर्डची एफ-१५०. अमेरिकन माणसाची ही कुलदेवताच म्हणा ना. फोर्डने कारखान्यातच हौदा बसवलेली पहिली गाडी १९२५ साली २८१ डॉलरला विकायला काढली; १९४८ साली 'एफ' मालिका सुरू झाली, आणि १९७७ पासून ती त्या देशात सर्वांत जास्त खपणारा ट्रक म्हणून मिरवते आहे. ट्रक अमेरिकन कारखान्यांच्या हातात राहिला याला एक गमतीचे कारण आहे. १९६२ मध्ये युरोपच्या सामायिक बाजारपेठेने अमेरिकेतून येणाऱ्या कोंबड्यांवरचा कर वाढवला. त्याचा वचपा म्हणून डिसेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी ब्रँडी, बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के कर बसवला. बाकीच्यांवरचा कर कालांतराने गेला, ट्रकवरचा राहिला. कोंबड्यांच्या भांडणात परदेशी ट्रकांची वाट अडली ती साठ वर्षे मोकळी झाली नाही. मग जपानी कंपन्यांनीही शहाणपणा केला आणि अमेरिकेच्याच भूमीवर कारखाने काढले.

असो. एफ-१५० शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेली, उंच आणि भारदस्त. योग्य ते इंजिन आणि सरंजाम घेतला तर तेरा हजार पौंडांच्या वर, म्हणजे जवळजवळ सहा टन ओढते. दाजींचे डोळे चमकले. आईने पायरीकडे पाहिले, आपल्या गुडघ्यांकडे पाहिले आणि म्हणाली, "जावईबापू, हत्ती छान आहे, पण अंबारीला शिडी लागेल."

दुसरी होंडाची रिजलाइन. हिचा सांगाडा मोटारीसारखा एकसंध, त्यामुळे धक्के कमी, चढायला सोपी. हौद्याच्या तळाशी कुलूप लावता येणारी एक खोल पेटी आहे. लोक तिच्यात बर्फ भरून सरबताच्या बाटल्या ठेवतात, आणि बर्फ वितळला की पाणी सोडायला खाली बूचही आहे. ओढण्याची ताकद पाच हजार पौंड. तिसरी फोर्डचीच मॅव्हरिक. सगळ्यांत लहान, हौदा साडेचार फुटांचा. हिची जात दोन प्रकारची. टर्बो इंजिन आणि ओढण्याचा खास सरंजाम घेतला तर चार हजार पौंड. पेट्रोल आणि वीज मिळून चालणारी हायब्रिड घेतली तर दोनच हजार, पण तेल बेताने पिणारी. पुढे २०२५ च्या गाड्यांपासून हायब्रिडलाही चार हजारांची सोय मिळाली. आम्ही पाहत होतो त्या गाड्यांत ती नव्हती.

विक्रेते सगळीकडे एकच मंत्र म्हणत होते : ही इतके ओढते, ती तितके ओढते. रिजलाइनपाशी मात्र एक गोष्ट घडली. आई बाहेर उन्हात उभी राहिली म्हणून भाची चालकाच्या बाजूचे दार उघडून आत कुठे बसवता येईल ते पाहत होती. दाराच्या चौकटीवर एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली तिला दिसली. "मामा, हे काय?" तिने विचारले. चिठ्ठीचा मतलब असा, की या गाडीत माणसे आणि सामान मिळून अमुक पौंडांहून अधिक वजन कधीही असू नये. तो आकडा होता सुमारे पंधराशे.

पाच हजार ओढणारी गाडी पंधराशेच पेलते! मराठीच्या मास्तराला यात विशेष वाटण्याचे कारण नाही. ओढणे आणि पेलणे ही क्रियापदेच निराळी. ओढणाऱ्याच्या मागे भार असतो, पेलणाऱ्याच्या अंगावर. परंतु खरी मेख पुढेच आहे. मागे जोडलेल्या ट्रेलरचा सगळा भार त्याच्या चाकांवर नसतो. त्याच्या वजनाचा शेकडा दहा ते पंधरा हिस्सा दांडीतून गाडीच्या हुकावर उतरतो, आणि तो त्या पंधराशेतच धरायचा असतो.

रात्री जेवणे झाल्यावर ताईने ओट्यावरची यादीची वही ओढली. पाच हजारांचा ट्रेलर म्हणजे दांडीवर पाचशे ते साडेसातशे. दाजी १८०, ताई १४०, भाचा १५०, भाची ११०, आई १२० : माणसांचेच सातशे. बेरीज बाराशे ते साडेचौदाशे. म्हणजे आईची पिशवी आणि लाडवांचा डबा चढवला की पाच हजार ओढणाऱ्या गाडीची छाती भरून आली! जाहिरातीत जो आकडा मोठ्या अक्षरांत असतो तो ओढण्याचा. पेलण्याचा आकडा दाराआड, बारीक टाइपात.

मग दुसरा हिशेब निघाला. जाऊन येऊन रोज सत्तर मैल, आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे अठ्ठेचाळीस आठवडे : १६,८०० मैल. मोठ्या ट्रकला गॅलनमागे वीस मैल धरले तर ८४० गॅलन. रिजलाइनही या बाबतीत फार मागेपुढे नाही. लहान हायब्रिडला सदतीस धरले तर साधारण ४५४. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर वर्षाकाठी साडेतेराशे डॉलरांचा फरक.

दाजी आकड्यांकडे बघत राहिले. "पण उद्या मोठा कॅम्पर घ्यावासा वाटला तर?" ते म्हणाले. "शिवाय बर्फात मोठी गाडी बरी. मी तुझ्यासाठीच म्हणतोय."

ताई वहीवरून मान न उचलता म्हणाली, "पहाटे साडेपाचला काचेवरचा बर्फ खरवडून मी निघते. तेव्हा माझ्या मागे काही बांधलेलं नसतं. मला फक्त वेळेवर पोचायचं असतं. जानेवारीत गाडी घसरून कठड्याला लागली, तेव्हाही ती लहान होती म्हणून नाही घसरली. टायर झिजले होते. नवे घ्यायचे आपण पुढे ढकलत होतो, कॅम्परसाठी पैसे साठवायचे म्हणून."

ही जानेवारीची हकीकत मी प्रथमच ऐकत होतो. दाजींना ठाऊक होती, मला आणि आईला नव्हती. आई वाती वळत होती. तिचा हात थांबला. कोणी काही बोलले नाही. भांडण झाले असते तर बरे, असे वाटण्याजोगी ती शांतता होती. पण ताईच्या आवाजात तक्रार नव्हती. औषधाच्या वेळा सांगाव्यात तसे तिने ते सांगितले होते.

थोड्या वेळाने दाजी उठले, चहा टाकला, आणि कपाटाकडे तोंड करूनच म्हणाले, "म्हणजे आपण उलटं करू. गाडी ठरवून मग कॅम्पर बघायचा. कॅम्पर ठरवून गाडी नाही."

वाचकहो, हे वाक्य ऐकायला सोपे आहे; स्वप्न पाहिलेल्या माणसाला उच्चारायला कठीण. त्यांनी मनातला कॅम्पर सोडला. दोन वर्षे वापरलेली, २०२२ ची हायब्रिड मॅव्हरिक घेतली, मागे हुक बसवून घेतले, आणि उरल्या पैशांतून सर्वांत आधी बर्फावर चालायचे चार टायर आणून गॅरेजमध्ये रचून ठेवले. ऐन जूनमध्ये! कॅम्परही जुनाच मिळाला. सामान भरून त्याचे वजन सोळाशे पौंड होई. दोन हजारांच्या आत, आणि थोडी जागा शिल्लक. मोठ्या ट्रकची हौस आलीच कधी, तर तो दोन दिवसांपुरता भाड्यानेही मिळतो.

मी परत निघण्याच्या आदल्या रविवारी अंगणात रंगीत तालीम झाली. आईला पुढे बसवले. ती शिडीवाचून चढली. ताई मागे दोन मुलांच्या मध्ये. दांडीवर किती भार येतो हे मोजायला दाजींनी न्हाणीघरातला वजनकाटा आणून दांडीखाली ठेवला. हलक्या ट्रेलरना ही युक्ती चालते. काट्याने ११० पौंड दाखवले. हवेत निदान १६०. दाजी पुस्तिकेची पाने चाळू लागले.

आई काच खाली करून मागे पाहत होती. "जावईबापू, पाण्याचे कॅन आणि शेगडी सगळं मागं भरलंय तुम्ही," ती म्हणाली. "उलार होईल ना गाडी."

उलार! किती वर्षांनी हा शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकला. वाई तालुक्यातल्या आमच्या घरी आजोबांची बैलगाडी होती. गुळाच्या ढेपा भरताना मागे भार जास्त झाला की जू वर उचलले जाई आणि बैलांच्या गळ्याला आचका बसे; तीच उलार झालेली गाडी. पुढे फार भरले तर बैलाची मान दबे. मानेवर थोडा भार हवाच, पण सोसवेल इतका. शेपटाकडे जड झालेला ट्रेलर वेगात असताना असाच डोलू लागतो आणि पुढच्या गाडीलाही आपल्याबरोबर खेचतो. पुस्तिकेत हे चार पाने आणि दोन आकृत्या देऊन सांगितले होते. आईने एका शब्दात सांगितले. कॅन आणि शेगडी आसाच्या पुढे आली, काट्याने १९० दाखवले, आणि जावयाने सासूला खिडकीतूनच नमस्कार केला.

संसाराची गाडी ही उपमा इतकी झिजली आहे की वर्गात मी ती मुलांच्या निबंधातून लाल शाईने काढून टाकतो. पण ती गाडी कशी भरावी, हे त्या निबंधांतून कोणी लिहीत नाही. घरात कोणी काय ओढले याचे कौतुक होते : कर्ज ओढले, भावांची शिक्षणे ओढली, बंगला ओढून नेला. ते खरेही असते. फक्त त्या ओढण्यातला दहापंधरा टक्के भार निमूट कोणाच्या तरी अंगावर उतरलेला असतो, आणि त्याची चिठ्ठी दाराआड असते. ती कोणीतरी दार उघडून वाचावी लागते. या दिवाळीत तुमच्या दारी नवे वाहन येणार असेल तर ते किती धावते, किती ओढते हे जरूर विचारा. पण रोज त्यात बसणार कोण, हे आधी विचारा.

पुढे हिवाळ्यात ताईचा फोन आला. रस्ते बर्फाने गोठले होते, टायर चांगले निघाले होते, ती वेळेवर पोचत होती. कॅम्पर अंगणात ताडपत्रीखाली झोपला होता. उन्हाळाभरात तीन सहली झाल्या. सरोवराकाठी, स्लीपिंग बेअरच्या वाळूच्या टेकड्यांपाशी दाजी पहिल्यांदा चाकांवरच्या घरात झोपले. त्या वर्षात गाडीने ताईला सोळा हजारांवर मैल नेले आणले, आणि कॅम्पर ओढला तो जेमतेम पंधराशे मैल.

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर त्या गाडीचे चाळीस फोटो आहेत. सगळ्यांत मागे कॅम्पर आहे.