नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

कडेगावात काय किंवा आसपासच्या वाड्यावस्त्यांवर काय, ‘नेट गेलं’ ही तक्रार आता ‘लाइट गेली’ इतकीच रोजची झाली आहे. उपायही ठरलेला: राउटर बंद करून चालू करायचा, नाहीच जमलं तर केबलवाल्याला फोन. माझं म्हणणं एवढंच, की त्याआधी दोष घरात आहे की घराबाहेर ते ठरवावं. त्याला इंजिनिअर असावं लागत नाही. भिंतीवरच्या फायबरच्या डबीवरचा ‘एलओएस’ दिवा तांबडा लागला असेल, तर तारेतून प्रकाशच घरापर्यंत पोचत नाही. मग राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, ढिम्म फरक पडणार नाही. उसाने उंच भरलेली ट्रॉली लोंबत्या तारेला अडकली तरी हा दिवा लागतो आणि कपाट सरकवताना मागे वायर मुडपली तरी लागतो. म्हणून फोन करण्याआधी कपाटामागे बघावं. दिवा तांबडा नसेल, तर कॉम्प्युटर केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. केबलवर वेग पुरेपूर आणि वाय-फायवर रडतखडत, असं असेल तर कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही.

तिथे अडसर असतो तो घराचाच. जुन्या घरांच्या जाड दगडमातीच्या भिंती, नव्या स्लॅबमधल्या सळया, पडवीचा पत्रा हे सगळं वाय-फायच्या लहरी अडवतं. 5 गिगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, पण भिंतीपलीकडे तो लवकर लंगडा पडतो, 2.4 लांब पोचतो, पण त्या पट्ट्यात शेजारपाजारच्या राउटरांची गर्दी. तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच: 1, 6 आणि 11. आणि आपण राउटर ठेवतो कुठे? वायर जिथे घरात शिरली तिथेच, बहुधा टीव्हीच्या मागे. ‘महागडा राउटर घेतला की झालं’ असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हेच, की दोन भिंतींपलीकडे तोही धापा टाकतो. त्यापेक्षा आहे तोच घराच्या मध्यावर, उंचावर टांगावा. तरी भागलं नाही तर आतल्या खोलीत केबल ओढून दुसरा लावावा.

यावर खरा आक्षेप वेगळाच आहे: बंद-चालू केलं की चालतं, मग एवढी चिकित्सा कशाला? चालतं हे मलाही मान्य आहे. कॉम्प्युटरचा आयपी पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर राउटरकडून त्याला पत्ता मिळालेला नसतो, आणि तिथे हा उपाय अनेकदा लागू पडतो. पण तो रोज करावा लागत असेल तर मुळात काहीतरी बिघडलेलं आहे. पुष्कळदा राउटरचा अ‍ॅडॉप्टरच थकलेला असतो. बंद-चालू करण्याचा तोटा असा, की त्यात दिव्यांची खूणही पुसली जाते. म्हणून आधी बघावं, मग बटण दाबावं.

वेळही नोंदवावी. पहाटे सुसाट आणि रात्री जेवणानंतर संथ, तर बिघाडापेक्षा गर्दीचा संशय घ्यावा. आपल्याच तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावला 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवले जातात. हेतू मुलांच्या अभ्यासाचा. पण गर्दी उतरल्यावर वेग किती मिळतो हे पडताळायला याहून सोयीची वेळ नाही (अर्थात त्यासाठी भोंग्याचा नियम मोडावा लागेल, ही पंचाईत आहेच).

‘घरी म्हातारी माणसं एकटी, त्यांना हे कसं जमणार?’ असंही कुणी विचारेल. पुण्या-मुंबईच्या लेकाला फोनवर ‘तिसरा दिवा तांबडा आहे’ एवढं सांगणं त्यांना सहज जमतं. ‘नेट चालत नाही’ यापेक्षा ते कितीतरी उपयोगी. तेव्हा आज नेट नीट चालू असतानाच त्या डबीचा आणि राउटरचा दिव्यांसकट फोटो काढून ठेवा, आणि ग्राहक क्रमांक शेजारच्या भिंतीवर चिकटवा.