आधी समोरच्याचं म्हणणं मांड

१९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईत कुठेही गेलं तरी एकच विषय निघायचा. लग्नाच्या मांडवात, पहाटे दादरला फुलं-भाजी घेऊन जाणाऱ्या लोकलच्या डब्यात, वाडीत केळीला पाणी सोडताना, सगळीकडे तेच. जमीन राखायची की बिल्डरला द्यायची? मुंबईची वस्ती उत्तरेला सरकत होती आणि गुंठ्याचा भाव ऐकून भल्याभल्यांची झोप उडत होती.

वरवर पाहता हा पैशाचा व्यवहार. पण वसईकरांनी तो नीतीचा प्रश्न मानला, याचं मला आजही मोल वाटतं. जमिनीवर हक्क कुणाचा? सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याचा, की ज्यांच्या विहिरी त्याच जमिनीत मुरलेल्या पाण्यावर भरतात त्यांचाही? फादर फ्रान्सिस दिब्रिटो तेव्हा ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात ते उतरले, तेव्हा आणखी एक वाद उभा राहिला. धर्मगुरूने वेदी सोडून रस्त्यावर यावं का? त्यावर घराघरांत दोन्ही बाजूंनी माणसं बोलत होती, आणि बोलताना एकमेकांचं ऐकतही होती.

आमच्या गावात एका निवृत्त मास्तरांच्या ओट्यावर रविवारची मिस्सा आटोपली की बैठक बसायची. तिथला नियम साधा होता. कुणाचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते स्वतःच्या तोंडाने मांडायचं, आणि त्याने ‘हो, हेच म्हणायचंय मला’ असं कबूल केल्यावरच पुढे बोलायचं. एकदा एक तरुण बागायतदार म्हणाला, “काका, आम्ही तीन भाऊ, वाडी वीस गुंठ्यांची. केळीला भाव नाही, मजूर मिळत नाहीत. मी विकली तर लोभी कसा?” एक जण तावातावाने उठला, तर मास्तरांनी त्याला थांबवलं. “आधी तो काय म्हणाला ते सांग.” सांगता सांगता त्या गृहस्थांचा आवाज खाली आला, कारण वीस गुंठ्यांचं गणित त्यांच्याही घरात तेच होतं. मग त्यांनी लोभाचा मुद्दा सोडला आणि वेगळंच विचारलं. “जमीन तुझी, कबूल. पण भराव टाकून तू नाळ बुजवलीस, तर पावसाचं पाणी माझ्या वाडीत शिरेल. त्याचं काय?” तरुण बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “याचं उत्तर माझ्याकडे नाही.”

त्या दिवशी कुणी जिंकलं नाही. पण वाद ‘तू कसा माणूस आहेस’ इथून निघून ‘तुझ्या निर्णयाचा भार कुणावर पडतो’ इथे आला. नैतिक प्रश्नावरच्या चर्चेत याहून मोठी मजल नसते. आपल्याकडच्या न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार केव्हाच सांगून ठेवलेत. सत्य शोधण्यासाठी केला तो वाद, जिंकण्यासाठी केला तो जल्प आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची फक्त मोडायची ती वितंडा. मास्तर हे कधी बोलून दाखवत नसत, पण त्यांच्या ओट्यावर पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला जागा नव्हती.

तो काळ सोन्याचा होता असं मात्र मी म्हणणार नाही. त्या बैठकीत बायका चहा द्यायला यायच्या, बोलायला नाही. शेतात राबणारे वारली मजूर ओट्याच्या खालीच उभे असत. नालासोपाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहून रोज मुंबईला जाणारं कुटुंब आमच्या चर्चेत ‘बाहेरचे’ या एका शब्दात संपायचं. ज्यांच्यावर निर्णयाचा भार सर्वांत जास्त पडणार होता, त्यांचाच पूर्वपक्ष मांडायला तिथे कुणी नव्हतं.

मग गावं वाढली, स्टेशनं तुडुंब भरू लागली. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. गावं महापालिकेत असावीत की वगळावीत यावर रान पेटलं. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. आणि वाद ओट्यावरून उठून मोबाइलमध्ये आला.

आजच्या वादाची साधनं कितीतरी चांगली आहेत, हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली आला, आणि तेव्हापासून एका अर्जावर विकास आराखड्याची प्रत हातात पडते. विहीर खारी झाली का, हे कॉलेजातली मुलगी मीटर लावून सांगते. ज्यांना आम्ही बाहेरचे म्हणत होतो, त्या वस्तीतल्या बायका आज टँकरच्या पाण्याबद्दल उभं राहून जाब विचारतात. ही खरी भर आहे.

गेली ती ऐकण्याची शिस्त. आता पहिल्याच वाक्याला शिक्का बसतो. एक म्हणतो ‘बिल्डरचा माणूस’, दुसरा म्हणतो ‘विकासविरोधी’. उस्मानाबादच्या २०२०च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून दिब्रिटोंची निवड झाली, तेव्हाही काहींचा आक्षेप त्यांच्या लेखनावर नव्हता, ते धर्मगुरू आहेत यावर होता. माणूस कोण आहे यावरून त्याचं म्हणणं खरं की खोटं ठरत नाही, एवढी साधी गोष्ट आपण विसरत चाललो आहोत.

आपल्या बाजूचा कच्चा युक्तिवादही पारखायला हवा. जुलै २०१८मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, नालासोपाऱ्याजवळ अडकलेल्या वडोदरा एक्सप्रेसमधल्या प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. तेव्हा आम्ही हरित वसईवाले म्हणालो, “बघा, आम्ही सांगत होतो.” पण तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, पाऊसही अफाट होता. कुठली खाडी अरुंद झाली, कुठल्या मिठागरावर भराव पडला, कुठल्या मोरीतून पाणी जाईना, हे दाखवलं तरच तो युक्तिवाद उभा राहतो. ते दाखवता येतं, म्हणून घोषणेवर थांबू नये.

आणि सर्वांत कठीण कसोटी पाण्याची. आमच्या विहिरींचं पाणी टँकरने शहराकडे जाऊ लागलं, तेव्हा आम्ही विचारलं होतं, “विहीर तुझी, पण झरा कुणाचा?” आज आमच्या नळाला येणारं बहुतेक पाणी सूर्या नदीचं आहे. तिच्यावरचा धरण प्रकल्प मुळात डहाणू, पालघर, विक्रमगड भागातल्या शेतीच्या सिंचनासाठी, आणि त्या शेतकऱ्यांत आदिवासींची संख्या मोठी. नव्या सूर्या योजनेतून दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी शहरांसाठी उचलायचं ठरलं, त्यातलं १८५ आपल्या वाट्याचं, २१८ मीरा-भाईंदरचं. शहराला पाणी हवंच, नालासोपाऱ्याच्या बाईने कोरडा हंडा घेऊन बसू नये. पण झरा कुणाचा, हा आमचाच प्रश्न धरणाकाठच्या माणसाने आम्हाला विचारला, तर आमच्याकडे काय उत्तर आहे? जे तत्त्व दुसऱ्याला लावताना खरं वाटतं, ते स्वतःला लावलं तरी टिकलं पाहिजे. टिकत नसेल तर ते तत्त्व नव्हतं, सोय होती.

फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. हिरवी वसई किती राखली गेली, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या गावात करावा. वाद मात्र संपलेला नाही. पाणी, भराव, कचरा, नवे आराखडे पुढे येतच राहणार. म्हणून वसई-विरारकरांना, जुन्यांना आणि नव्यांनाही, माझी विनंती आहे. सोसायटीच्या सभेत, ग्रामसभेत, ग्रुपवर कुणाला विरोध करण्याआधी त्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत एकदा मांडा. आणि ज्याला सभेत खुर्चीच मिळालेली नाही, त्याचं म्हणणं सर्वांत आधी मांडा.