घोरावडेश्वराच्या डोंगराची शिकवण

पालकमंडळी शाळेत भेटावयास येतात, तेव्हा अभ्यासाच्या चौकशीबरोबरच अलीकडे एक काळजी वारंवार बोलून दाखवितात. "सर, मुलगा इंग्रजी शिकतो आहे हे उत्तमच, पण उद्या तो परदेशी गेला, म्हणजे घरचा देव आणि घरची भाषा त्याला परकी तर होणार नाही ना?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांतून आज दूरदेशीचे लोक वावरतात आणि तळहाताएवढ्या यंत्रातून साऱ्या जगाची गाणी व मते आपल्या माजघरापर्यंत येऊन पोहोचतात. या प्रश्नाचे उत्तर मी पुस्तकांतून पुष्कळ शोधले. परंतु त्याचा धागा मला गवसला तो आपल्या घोरावाडीच्या डोंगरावर.

या डोंगरावरील लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी व उपासनेसाठी कोरलेली आहेत. तेथील एका ब्राह्मी लेखात धेनुकाकट नगरीत राहणाऱ्या उसभनक नावाच्या शेतकऱ्याच्या पत्नीने, सियगुतनिकेने, आपला पुत्र नंद याच्यासह लेणे दान दिल्याचे नमूद आहे. राजाराणीचे नव्हे, तर नांगर धरणाऱ्याच्या घरातील एका बाईचे हे दान! याच धेनुकाकटातील यवनांची, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशीयांची, नावे कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या खांबांवर दाते म्हणून कोरलेली आहेत. कोकणातील बंदरांतून घाट चढून येणारा व्यापार त्या काळी याच मावळातून जात असे. तेव्हा परके लोक आणि परके विचार आपल्या दाराशी प्रथमच येत आहेत, असे समजण्याचे कारण नाही. शेतकऱ्याची पत्नी आणि समुद्रापलीकडचा व्यापारी हे त्या काळीही एकाच धर्माचे दाते होते.

पुढे काळ पालटला. भिक्षू गेले, जेथे पूर्वी स्तूप होता तेथे शिवलिंग आले आणि डोंगराला घोरावडेश्वर हे नाव मिळाले. देहूच्या तुकोबांनी येथे येऊन चिंतन केल्याचे परंपरा सांगते. महाशिवरात्रीस पंचक्रोशीतील माणसे आजही श्रद्धेने पायऱ्या चढतात. परंतु या दीर्घ काळात एक गोष्ट मात्र हरपली. सियगुतनिकेचा लेख भिंतीवर जागच्या जागी होता. तो वाचण्याची विद्या नाहीशी झाली. 1837 च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप या इंग्रज पंडिताने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तेव्हा कोठे असे लेख पुन्हा बोलू लागले. अक्षरे कोणी चोरून नेली नव्हती. एका पिढीने दुसरीस ती शिकविण्याचे थांबविले, एवढेच झाले.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. 1954 च्या डिसेंबरात डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर ब्रह्मदेशातील रंगून येथे जागतिक बौद्ध परिषदेस गेले होते. तेथून परतल्यावर त्याच महिन्याच्या 25 तारखेस त्यांनी आपल्या शेजारच्या देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली आणि 1956 च्या ऑक्टोबरात नागपूर येथे आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्धधर्माची दीक्षा घेतली. जो धर्म या डोंगरावर विसरला गेला होता, तो ब्रह्मदेश, सिंहल अशा देशांनी जतन केला होता. म्हणजे जगाशी असलेला संबंध आपले काही हिरावून घेतो असेच नव्हे. आपण गमावलेले तो कधीकधी आपल्याला परतही देतो.

आता उलट बाजूचे एक उदाहरण पाहू. कोकणातील बेने इस्रायल हे यहुदी लोक शेकडो वर्षे मराठी मुलखात राहिले, मराठी बोलले. त्यांतील पुष्कळजण तेल गाळण्याचा धंदा करीत. शनिवारी विश्रांतीचा दिवस म्हणून घाणा बंद ठेवीत, यास्तव शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आपल्या धर्माची मूळ भाषा ते बहुतांशी विसरले होते, तरी शनिवार विसरले नाहीत. त्यांनी बायबलमधील कथांवर मराठीत कीर्तनेही केली. 1948 नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबे इस्रायलात गेली. आणि तेथे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले! कोकणात असताना त्यांनी धर्म राखला, परदेशी गेल्यावर भाषा राखली. आणि दोन्ही राखताना शेजाऱ्याशी वैर धरले नाही. आपल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचेही असेच. 1895 मध्ये ते ख्रिस्ती झाले, परंतु अभंग व कीर्तन यांची साथ त्यांनी सोडली नाही. त्यांची भजने मराठी ख्रिस्तमंदिरांतून आजही गायिली जातात.

कोणी म्हणेल, "त्या काळचे जग बैलाच्या पावलांनी येत असे, आजचे क्षणात येते, आणि पुष्कळदा काहीतरी विकावयास येते." हे खरे आहे. सणाचा अर्थ विसरून केवळ गोंगाट व खरेदी उरावी, हा धोका आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. तथापि दार लावून घेणे हा त्यावरील उपाय नव्हे. दार लावले तरी घरात जे कोणी शिकवीत नाही ते नाहीसे होणारच, आणि दार उघडे असले तरी जे घरात रोज आचरिले जाते ते सहसा नाहीसे होत नाही. परक्याच्या येण्याने जेवढी हानी होते, त्याहून कितीतरी अधिक हानी आपल्याच विसरण्याने होते.

म्हणून पालकांस माझे नम्र सांगणे असे, की मुलास इंग्रजी शिकू द्यावे, दूर जाऊ द्यावे. परंतु रोज संध्याकाळी जी प्रार्थना घरात होते, तिचा अर्थ त्यास त्याच्या भाषेत समजावून द्यावा. तो 'का?' असे विचारील तेव्हा रागावू नये. उत्तर ठाऊक नसेल तर त्याच्याबरोबर शोधावे. आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वर्गात हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती अशी मुले एका बाकावर बसतात. उद्या परक्या देशात ज्या सौजन्याची तुम्हांस गरज भासेल, त्याचा अभ्यास त्याच बाकावर करा. मित्राच्या सणास जा, त्याच्या आईने दिलेला फराळ आनंदाने खा, आणि त्याने तुमच्या सणाचे कारण विचारले तर ते सांगता येईल इतके आपल्या घराविषयी जाणून घ्या. ज्याला आपल्या घराची अक्षरे वाचता येतात, त्याला जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात पोरके वाटण्याचे कारण नाही.